‘व्यवसाय’ नावाचा रकाना

या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना तुम्ही जो अर्ज भरला, त्यात ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता. त्यात तुम्ही काय लिहिले ते आठवून पाहा. कोणी ‘नोकरी’ लिहिले असेल, कोणी ‘शेती’, कोणी ‘गृहिणी’. काहींनी थोडा वेळ पेन हातात धरून शेवटी तो रकाना रिकामाच सोडला असेल. काटोल-नरखेड परिसरातील एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम करताना असे रिकामे रकाने मी पुष्कळ पाहिले आहेत. अर्ज परत करून मी विचारत असे, “इथे काही लिहिले नाही?” त्यावर बहुतेकदा उत्तर येई, “सर, तसं ठरलेलं काही नाही.” हे सांगणारा तरुण पहाटे वडिलांबरोबर संत्र्याच्या बागेला पाणी देऊन आलेला असे, दुपारी कुणाच्या तरी मोबाइल दुकानात बसणार असे आणि लग्नसराईत मंडपाच्या कामाला जात असे. तीन कामे करणाऱ्या माणसाला आपला व्यवसाय कोणता हे सांगता येत नव्हते. त्याच्या आजोबांना हाच प्रश्न विचारला असता, तर एका शब्दात उत्तर मिळाले असते.

या दोन उत्तरांच्या मधल्या काळात आमच्या तालुक्यात जे घडले, त्याबद्दल मी तुमच्याशी बोलणार आहे. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत असताना १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत मी प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. फेब्रुवारी महिन्यातले ते वीस दिवस, काखेतली तक्त्यांची पिशवी आणि ओसरीवर बसून विचारलेला एकच प्रश्न, एवढीच माझी सामग्री आहे. त्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना माझ्या हातून एक चूक झाली. तीही मी पुढे सांगणार आहे, कारण या लेखाचे खरे कारण तीच आहे.

प्रथम तालुक्याविषयी. नागपूर जिल्ह्याच्या नकाशात वायव्येचा जो कोपरा मध्य प्रदेश आणि अमरावती जिल्हा यांच्या बेचक्यात शिरलेला दिसतो, तो नरखेड तालुका. पूर्वी हा मुलूख काटोल तहसिलीत मोडत असे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची चढउताराची जमीन आणि पलीकडे पांढुर्णा, पश्चिमेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे वरुड. सावरगाव, जलालखेडा, मोवाड, भारसिंगी ही इथली बाजाराची गावे. नागपूर-इटारसी लोहमार्ग तालुक्यातून जातो. पुढे अमरावतीकडे फाटा निघाला आणि नरखेड जंक्शन झाले. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आमच्या वावरांच्या धुऱ्यांजवळून धडधडत जातात. लहानपणी आम्ही त्यांचे डबे मोजत असू. त्यांत बसून आपणही कुठेतरी कामाला जाऊ शकतो, हे कळायला आमच्या गावाला बराच काळ लागला.

१९९१ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा गणनेला निघालो, तेव्हा कामाविषयीचा प्रश्न सोपा वाटला होता. बहुतेक ओसऱ्यांवर दोनच उत्तरे मिळत : ‘शेती’ किंवा ‘मजुरी’. उरलेली उत्तरेही ठाम असत. सुतार, लोहार, न्हावी, शिंपी, तेली, गुराखी. कोणी जिनिंगवर हमाल, कोणी रेल्वेत गँगमन. आणि सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरायचे. ठरलेले धान्य, काही रक्कम, कपडे यांच्या बदल्यात माणूस पुढच्या पाडव्यापर्यंत एका घराशी बांधला जायचा. बैलांचे वैरणपाणी, वखरणी, डवरणी, रात्रीची राखण, मालकाच्या घरचे लग्नकार्य या सगळ्यांत तो असे. त्याच्या कामाला तास नव्हते. मात्र त्याचे नाव ठरलेले होते.

जनगणनेने त्या वर्षी काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग केले होते. शेतकरी आणि शेतमजूर हे पहिले दोन. तिसऱ्या वर्गात पशुपालन, वनकाम, मासेमारी, शिकार, मळे आणि फळबागा एकत्र घातलेल्या होत्या. आमच्या भागात हा वर्ग मोठा विनोदी ठरला. संत्र्याच्या बागेवर जगणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याला हे समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे गुरुजी, मी मासे धरणाराईच्या पंगतीत?” आम्ही दोघेही हसलो. परंतु त्या हसण्यात एक धडा होता. माणसे काम करतात एका रीतीने आणि कागद त्याची विभागणी करतो दुसऱ्याच रीतीने. दोहोंच्या फटीत काही माणसे हरवतात.

माझ्या प्रगणन-गटात माझे स्वतःचे घरही होते. आमची चार एकरांची जमीन. अर्ध्यात कपाशी आणि तूर, उरलेल्यात ज्वारी, विहिरीजवळ संत्र्याची काही झाडे. कुटुंबप्रमुख म्हणून वडील ओसरीवर बसले आणि मी अनोळखी माणसासारखा त्यांना प्रश्न विचारू लागलो. त्यांचे झाले, धाकट्या भावाचे झाले. आईच्या ओळीवर आलो. वडील म्हणाले, “तिचं काय लिहाचं? घरीच तं रायते ते.” मी ‘काम करत नाही’ अशी नोंद केली आणि कारणाच्या जागी ‘घरकाम’ असे लिहिले.

त्या वेळी आई अंगणात होती. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा तिने नुकताच खाली टाकला होता. पहाटे उठून गोठा साफ करणे, दूध काढणे, शेण थापणे, मग भाकरी बांधून वावरात जाणे हा तिचा नेम. जूनमध्ये सरकी टोबायची, पावसाळाभर निंदण करायचे आणि दिवाळीनंतर कमरेला फडक्याची ओटी बांधून कापूस वेचायचा. आमच्या घरच्या कापसाचे बोंड न् बोंड तिच्या बोटांखालून गेलेले होते. वडील खोटे बोलले नव्हते. तिच्या कामाला पैसे मिळत नव्हते, म्हणून ते काम आहे असे त्यांना वाटतच नव्हते. परंतु मला ते सबळ कारण उरले नव्हते. त्या वर्षीच्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला प्रथमच एक पुस्ती जोडलेली होती : शेतावरील किंवा कौटुंबिक उद्योगातील बिनमोबदल्याचे कामही काम म्हणून धरावे. स्त्रियांची कामे गणनेतून निसटतात, अशी टीका त्याआधी अनेक वर्षे होत होती. तिचा तो परिणाम होता. प्रशिक्षणात ही ओळ आम्हांला वाचून दाखविली होती. मी तिच्याखाली रेघही मारली होती. आणि तरी माझ्या हाताने सवयीचेच लिहिले.

ती गणना संपून पाच महिने झाले असतील. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला महापूर आला आणि नदीकाठचे मोवाड उद्ध्वस्त झाले. दोनशे चार माणसे गेली. एकेकाळी ज्या बाजारपेठेला लोक ‘सुवर्णनगरी’ म्हणत, ती गाळाखाली गेली. ज्यांची नावे फेब्रुवारीत तक्त्यांवर चढली होती, त्यांतली कितीतरी ऑगस्टमध्ये केवळ तक्त्यांवरच उरली. पुढे गाव नव्या जागी वसविले गेले. घरे बांधता येतात. परंतु घराबरोबर दुकान गेले, गोठ्यातली जनावरे गेली, उधारीच्या वह्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक पांगले, ते कसे बांधायचे? रोजगार म्हणजे केवळ हाताला मिळालेले काम नव्हे. ती माणसामाणसांतील विश्वासाची एक वीण असते, हे मला मोवाडकडे पाहून समजले. ती वीण एका रात्रीत तुटते आणि पुन्हा जुळायला एक पिढी लागते.

आमच्या इतर गावांत पूर आला नाही. तिथे जुनी कामे सावकाश गेली. कोणत्या दिवशी गेली हे सांगता येणार नाही, इतकी सावकाश. ट्रॅक्टर आला आणि बैलजोड्या कमी झाल्या. बैल कमी झाले म्हणून बंडी गेली, बंडी गेली म्हणून सुताराचे आणि लोहाराचे काम गेले आणि बैलच नाहीत तर सालगडी कशाला, असे होऊन तोही गेला. पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या दरवर्षी घटत गेल्या. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरले. त्याची कापणी-मळणी थोड्या दिवसांत उरकते. पुढे तणनाशक आले. त्याने पावसाळ्यातील निंदणाचे, म्हणजे प्रामुख्याने स्त्रियांचे, कितीतरी दिवस गिळले. पुरुषांच्या वाट्याला फवारणीचे काम वाढले आणि त्याबरोबर त्यातले विषही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जी माणसे दगावली, त्यांची आठवण विदर्भातला कोणताही मजूर पाठीवर पंप घेताना विसरत नाही.

कापसाची गोष्ट गावातच संपत नव्हती. आमचा कापूस जिनिंगमधून नागपूरकडे जाई. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून विदर्भाच्या खेड्यांत पिकणारा कापूस आणि शहरात विणले जाणारे कापड यांच्यात एक नाते तयार झाले होते. खेड्यातला एखादा मुलगा शेतीत भागत नाही म्हणून गिरणीत लागे आणि सुटीत गावी येताना कापडाचा तुकडा घेऊन येई. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने शेतकऱ्याला काही काळ हमीचा ग्राहक दिला. पुढे ही योजना मोडली. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली आणि त्याच वर्षी देशात बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली. बियाणे बदलले आणि गिरणी मिटली, एकाच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु आमच्या भागातल्या कामाचा इतिहास लिहायचा तर ते वर्ष अधोरेखित करावे लागेल. कापूस अजूनही पिकतो आणि अजूनही हातानेच वेचला जातो. वेचणारे हात मात्र आता पुरत नाहीत. हंगामात सीमेपलीकडून, छिंदवाडा-बैतूलच्या बाजूने मजुरांच्या टोळ्या येतात आणि वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबाने ठरते.

मग संत्र्याचे काय, असे तुम्ही विचाराल. नागपुरी संत्रे म्हणून जे जगाला माहीत आहे, त्यातला मोठा वाटा काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्याचा. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरून पाहणाऱ्याला बाग म्हणजे शांत हिरवी सावली वाटते. खरे तर ती वर्षभराची रोजगार हमी असते. आंबिया बहर धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. मग आळी करणे, खत, ओलित, बुंध्यांना बोर्डो मलम, फळे धरली की वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेके, पुढे तोडणी, निवड, भरणी. यातल्या प्रत्येक कामाला माणूस लागतो आणि प्रत्येक कामाला डोळाही लागतो. कोणते फळ आज तोडावे आणि कोणते आठ दिवसांनी, हे ओळखणारी माणसे या तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे त्याचे कोणतेही प्रमाणपत्र नाही.

परंतु बागेतले कामही बदलले. पुष्कळ बागा झाडावरच उक्त्या विकल्या जातात. मग तोडणी व्यापाऱ्याची, टोळी व्यापाऱ्याची. लाकडी पेट्या ठोकणारे हात प्लास्टिकच्या कॅरेटने रिकामे केले. विहिरींतले पाणी खोल गेले तसे बोअर खोल गेले. डिंक्या, कोळशी, फळगळ यांनी कितीतरी बागा वाळल्या आणि तिथे पुन्हा कपाशी आली. शिवाय या झाडांचे भवितव्य दूरच्या एखाद्या कार्यालयातही ठरते. बांगलादेश हा आमच्या संत्र्याचा मोठा ग्राहक. २०१९ नंतर त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेले. २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ टक्यांवर गेले. ढाक्यात एक आकडा बदलतो आणि त्या वर्षी आमच्याकडच्या तोडणाऱ्या बाईचे हाजरीचे दिवस कमी होतात. ढाका कुठे आहे, हे तिला माहीत असण्याचे कारण नाही. परंतु ढाक्याचा तिच्या चुलीशी संबंध आहे.

२००१ साली मी दुसऱ्यांदा निघालो, तेव्हा ‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ हे दोन शब्द मला सर्वांत जड गेले. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केलेला तो मुख्य काम करणारा. त्याहून कमी केलेला सीमांतिक. मजुरी करणारी माणसे महिने मोजत नाहीत, ती कामे मोजतात. एका ओसरीवर पन्नाशीच्या बाईबरोबर मी बोटांवर हिशेब मांडला. टोबणीचे इतके, निंदणाचे इतके, पोळ्यानंतरचे काही, वेचणीचे सर्वांत जास्त, संत्र्याच्या तोडणीचे थोडे, चैत्र-वैशाख कोरडे. बेरीज सहा महिन्यांच्या थोडी आत भरली. मी म्हटले, “मावशी, तुम्हांला सीमांतिक लिहावे लागेल.” तिने अर्थ विचारला. मी सांगण्याची धडपड करीत होतो, तेवढ्यात तिनेच शब्द फोडून पाहिला आणि म्हणाली, “म्हंजे आमी शिवेभायेरचे का, गुरुजी?”

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून तिचा प्रश्न मी तुमच्यापुढे जसाच्या तसा ठेवतो. परिभाषा तयार करणाऱ्याच्या मनात तसे काहीही नव्हते. परंतु शब्द माणसापर्यंत पोहोचतो तो आपला जुना संसार बरोबर घेऊनच. जिच्या आधीच्या पिढ्या खरोखरच वेशीबाहेर राहिल्या होत्या, तिने ‘सीमांत’ या शब्दात शीव ऐकली, तर तिचे काय चुकले?

त्या वर्षी मी पुन्हा माझ्या घरी गेलो. आता आईच्या ओळीवर मी थांबणार होतो. वडिलांना नव्हे, तिलाच विचारणार होतो. या वेळी तर सूचना आणखी पुढे गेल्या होत्या. घरच्या वापरापुरते दूधदुभते करणेही काम म्हणून मोजायचे होते. परंतु दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. ती खाटेवर होती. तरी मी रीतसर विचारले, “गेल्या वर्षी काही काम केलं का?” ती माझ्याकडे पाहत राहिली. मग अडखळत म्हणाली, “आता लिव. आता खरंच घरी आहो मी.”

दहा वर्षांपूर्वी अंगणात उभ्या राहून तिने सारे ऐकले होते. ती तेव्हा काही बोलली नव्हती आणि नंतरही कधी बोलली नाही. मी दुसऱ्यांदा ‘काम करत नाही’ असे लिहिले. या वेळी ते खरे होते. पुढच्या गणनेला ती नव्हती. म्हणजे मी भरलेल्या दोन्ही तक्त्यांवर माझी आई काम न करणारी बाई म्हणून गेली. त्यांतली एक नोंद मी खरी करू शकलो असतो.

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यातली कौतिक आठवा. नवरा महादेव कामात टिकत नाही आणि घर उभे राहते ते कौतिकच्या राबण्यावर. तिच्या दारी प्रगणक गेला असता आणि ओसरीवर महादेव बसलेला असता, तर तिच्या ओळीवर काय लिहिले गेले असते? जी माणसे तक्त्यांच्या रकान्यांत मावत नाहीत, त्यांची नोंद साहित्य ठेवते, असे मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. ते खरे आहे. परंतु त्यामुळे रकाना भरणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

हे सारे वाचून जुने दिवस चांगले होते, असा निष्कर्ष कृपया काढू नका. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गावगाडा’ हे पुस्तक वाचले, तर जुन्या गावातली कामाची वाटणी किती बारीक होती आणि किती जाचकही होती, हे दिसते. जातीने कामांचीच नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीही वरखाली वाटणी केली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली निःसंदिग्धपणे दाखवून दिले. आजोबांना आपला व्यवसाय एका शब्दात सांगता येत असे, कारण तो त्यांच्या जन्माआधीच ठरलेला होता. सालगड्याचा मुलगा आज साल धरत नाही, याचे दुःख त्याच्या मालकाला असेल. त्या मुलाला नाही आणि असूही नये. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात जी रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, तिने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. खडी फोडणे सुखाचे नव्हते. परंतु तिथे कुणाच्या ओसरीवर हात जोडून उभे राहावे लागत नव्हते.

२०११ साली तिसऱ्यांदा फिरताना मला सर्वांत मोठा बदल जाणवला तो उत्तराच्या व्याकरणात. पूर्वी माणूस सांगत असे, “मी सुतार आहे.” आता आई सांगत होती, “पोरगा बुटीबोरीला असतो.” काय करतो? “कंपनीत आहे.” कोणत्या? “ते त्यालेच मालूम.” क्रियापद तेच, परंतु त्याच्या आधीचा शब्द बदलला. कामाच्या जागी ठिकाण आले. बुटीबोरी, हिंगणा, मिहान, पुणे. काम कोणते हे सांगता येत नाही, कारण ते दर काही महिन्यांनी बदलते. आज पॅकिंग, उद्या लोडिंग, परवा दारावर पहारा. ठेकेदार बदलला की गणवेशाचा रंग बदलतो. जनगणनेने आता वर्ग चारच ठेवले होते : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. माझ्या तक्त्यांवर ‘इतर’ वाढत गेले. त्या एका शब्दात मी स्वतः होतो, रेल्वेचा कर्मचारी होता, ब्यूटी पार्लर चालविणारी मुलगी होती, काळीपिवळी चालविणारा होता आणि रात्रभर एटीएमच्या दारात खुर्चीवर बसणारा पदवीधरही होता.

मोबदल्याचे शब्दही पाहा. बलुते, साल, रोजी, हाजरी, मजुरी, पगार, वेतन, मानधन. प्रत्येक शब्द काम देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते सांगतो. अंगणवाडी सेविका १९७५ पासून आणि आशा कार्यकर्ती २००५ नंतर आमच्या गावांत काम करीत आहेत. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात नेण्यापासून घरोघरच्या नोंदींपर्यंत त्यांचे काम चालते. त्यांना मिळते ते ‘मानधन’. शब्द किती सुंदर आहे! मान आणि धन दोन्ही त्यात आहेत. परंतु ज्याला वेतन मिळते त्याला रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन मागता येते. मानधन घेणारीने केवळ मान मोजावा, अशी अपेक्षा असते. २००० साली ‘शिक्षणसेवक’ हा शब्द आला, तेव्हा माझ्याच शाळेतला नवा शिक्षक माझ्याइतकेच तास शिकवून ‘सेवा’ करू लागला. एखादे काम स्वस्तात करून घ्यायचे असेल, तर प्रथम त्याला एक गौरवाचे नाव दिले जाते. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने हे नुसते लक्षात ठेवू नये, बोलून दाखवावे.

२०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली आणि दरम्यान मी निवृत्त झालो. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झालेली आहे. तुमच्यापैकी काही शिक्षक आहेत, काही ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात काम करतात. त्यांच्या हाती हे काम येईल. या वेळी काखेत तक्त्यांची पिशवी नसेल, हातात मोबाइल असेल. बाकीच्यांच्या दारी कोणीतरी येईल आणि ओसरीवर बसून तोच प्रश्न विचारील.

त्याआधी एक स्वाध्याय करा. त्याला गुण नाहीत. एका कागदावर तुमच्या घरातल्या तीन पिढ्यांतील प्रत्येकाचे नाव लिहा आणि त्यापुढे त्या माणसाने एका वर्षात केलेली सर्व कामे लिहा. पैसे मिळालेली आणि न मिळालेलीही. त्या कामांना तुमच्या बोलीत जे शब्द आहेत, तेच वापरा. टोबणे, डवरणे, वेचणे, टेके देणे, कॅरेट भरणे, पार्सल पोहोचवणे. कोणते शब्द एकाच पिढीत थांबले आणि कोणते नव्याने आले, ते पाहा. मग तुमच्या प्रवेशअर्जातला तो रकाना पुन्हा आठवा. ‘गृहिणी’ लिहिणाऱ्या भगिनींनी आणि ‘तसं ठरलेलं काही नाही’ असे म्हणणाऱ्या मित्रांनी तो विशेष आठवावा.

आणि जनगणनेचा माणूस दारी आला, तर घरातल्या बाईच्या ओळीवर पोहोचताच तुम्ही उत्तर देऊ नका. ती अंगणात असेल, गोठ्यात असेल, वावरातून परत येत असेल. प्रगणकाला थोडे थांबायला सांगा आणि तिला हाक मारा.